आपलं मातीचं भांडण

निर्मलाताई,

काल दुपारी तुमचं विमान गेलं. कार्गोच्या दारापर्यंत मला येऊ दिलं. तिथल्या माणसानं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारीण." त्यानं मान हलवली, सही घेतली आणि पुढच्या कामाला लागला. बाहेर गाडीत येऊन बसल्यावर वाटलं, दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? बहीण म्हणावं तर तुम्ही पुण्याच्या, मी परभणीकडची, आणि वयात आईलेकीएवढं अंतर. मैत्रीण म्हणावं तर ओळख झाल्यापासून आपण भांडतोच आहोत, आणि तेही एकाच विषयावर.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकऱ्या कुठं कुठं केल्या, हे तुमचे भाऊ पुण्याच्या पेपरात देतील. मला त्यातलं फारसं माहीतही नाही. मला फक्त तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही मधेच माझं बोलणं तोडणार नाही आहात, याची अजून सवय व्हायची आहे.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात ते आमच्या लॅबमध्ये. इथं कुवेतमध्ये, जाब्रियातल्या हॉस्पिटलात मी रक्त काढायला बसत असे. सुई टोचल्यावर तुम्ही "आई गं" म्हणालात आणि मी मान वर केली. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकं अरबी बोलून माझी जीभ जड झालेली असायची.

"मराठी?" मी विचारलं.

"म्हणजे काय. तू कुठली गं?"

"परभणीजवळची. खेडं आहे, नाव सांगून कळणार नाही."

तुमचे डोळे चमकले. "म्हणजे धाब्याची घरं. तुमचं घर मातीचं होतं?"

"होतं."

"नशीबवान आहेस."

मी कापूस दाबायला दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला मातीच्या घरावरून नशीबवान म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि त्याचा राग आला होता. नंतर कळलं की तुम्ही आमच्याच बिल्डिंगमध्ये राहता, दोन मजले वर. आर्किटेक्ट आहात, एका कन्सल्टंटकडे नोकरी करता, आणि कुवेतमध्ये जी थोडी जुनी मातीची घरं उरली आहेत त्यांची मापं घेऊन नकाशे काढता. पुढच्या शुक्रवारी तुम्ही आमचं दार वाजवलंत. हातात स्लाइड दाखवायचं मशीन होतं.

त्या स्लाइड्स किती वेळा पाहिल्या असतील आम्ही! तुम्ही तरुणपणी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात काही वर्षं काम केलं होतं. तिथल्या जुन्या इमारतींच्या नोंदी करणाऱ्यांबरोबर गावोगाव फिरला होतात. आमच्या हॉलच्या भिंतीवर तुम्ही एकामागून एक घरं लावायचात. टाओसची ती एकावर एक रचलेली मातीची घरं, शिड्या लावून वर चढायची. अकोमाचं उंच खडकावरचं गाव, जिथलं चर्च बांधायला माती आणि वासे खालून डोक्यावर वाहून नेले होते. सांता फेचा चौक, त्याच्या एका कडेला लांबलचक ओसरीचा गव्हर्नरांचा जुना वाडा, आणि त्या ओसरीत चादरी पसरून दागिने विकत बसलेल्या बायका. आमची अश्विनी तेव्हा लहान होती. एकदा तिनं विचारलं, "मावशी, बट व्हेअर इज द रिअल अमेरिका?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग गुडघे टेकून तिच्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "हीच आहे बाळा. उंच बिल्डिंगी तर तू इथंही बघतेस."

माझे यजमान पाहुण्यांना चहा द्यायच्या निमित्तानं आत सटकायचे. मी मात्र बसून राहायची, कारण मला तुमच्याशी भांडायचं असायचं.

रांचोस गावातल्या चर्चची गोष्ट तुम्ही फार रंगवून सांगायचात. मोठ्या, बाकदार भिंतींचं मातीचं चर्च. दरवर्षी लिंपायचा कंटाळा आला म्हणून गावानं त्याला सिमेंटचा गिलावा केला. काही वर्षांनी कळलं की सिमेंटच्या आत पाणी अडकून भिंती आतल्या आत भुसभुशीत होतायत. मग गावानं सगळं सिमेंट खरवडून काढलं आणि पुन्हा माती लावली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाव जमतं, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंटोरं, सगळे चिखलात हात घालतात.

"बघ," तुम्ही म्हणायचात, "मातीला श्वास घ्यायला लागतो."

"आणि माणसांना सुट्टी लागते," मी म्हणायची. "दरवर्षी पोतेरं घेऊन बसायला तुमच्या आर्किटेक्टांना सांगा."

"मी स्वतः केलंय."

"एक उन्हाळा केलंत. माझ्या आईनं जन्मभर केलं. तिच्या नखांचं काय झालं होतं ते तुमच्या स्लाइडमध्ये नाही."

सांता फेमध्ये नियमच आहे की चौकाच्या आसपास नवं काही बांधायचं तर ते मातीसारखंच दिसलं पाहिजे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला जोर चढला. पेट्रोल पंपसुद्धा मातीच्या रंगाचा, आत सिमेंट. "म्हणजे गरिबीचं सोंग," मी म्हटलं. तुम्ही पुढची स्लाइड लावलीत. मग म्हणालात, "ते मलाही पटत नाही." तुमचं हे मला आवडायचं. वाद जिंकण्यासाठी तुम्ही खोटं बोलायचा नाहीत. मी मात्र अर्धंच खरं सांगत होते.

मग नव्वद सालातली ती ऑगस्टची सकाळ उजाडली. यजमान अश्विनीला घेऊन सुट्टीसाठी परभणीला गेले होते, माझी रजा नंतर होती. खाली रस्त्यावर बगदादच्या फौजेचे रणगाडे आले आणि दुपारपर्यंत तुम्ही माझी बॅग भरून मला वर घेऊन गेलात. विचारलंसुद्धा नाहीत. "दोन बायका दोन घरांत घाबरण्यापेक्षा एका घरात घाबरू," एवढंच म्हणालात. पुढचे अडीच महिने मी तुमच्या हॉलमध्ये झोपले. मी हॉस्पिटलला जायची, तिथं माणसं आणि औषधं दोन्ही कमी होत चालली होती. तुमचं ऑफिस बंद पडलं होतं. तुम्ही भात शिजवायचात, खिडकीशी बसून दमेकऱ्याचा पंप ओढायचात आणि वाट बघायचात. कसली, ते मला कळत नव्हतं.

सप्टेंबरात कधीतरी उम्म फहद, म्हणजे फहदची आई, आल्या. त्यांना मी आधी एकदाच पाहिलं होतं. म्हाताऱ्या, ताठ कण्याच्या. वडिलांचा मोत्यांचा धंदा मुंबईत होता म्हणून त्यांना हिंदी येत असे. शहराच्या जुन्या भागात, जिब्ल्याच्या एका गल्लीत त्यांचं सासरचं मातीचं घर पडून होतं आणि त्याचे नकाशे तुम्ही काढत होतात. त्या स्वतः रुमैथियातल्या मोठ्या बंगल्यात राहायच्या. मुलगा फहद सैन्यात होता, तो कुठं आहे ते कुणाला माहीत नव्हतं. त्याला शोधायला शिपाई बंगल्यावर दोनदा आले, तिसऱ्यांदा आले तेव्हा बंगलाच ताब्यात घेतला. उम्म फहद आणि त्यांची सून नूरा मागच्या दारानं निघाल्या त्या सरळ जुन्या घरात जाऊन राहिल्या. बाहेरून ते घर भंगाराच्या गोदामासारखं दिसायचं. तिकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"छत कच्चा है," त्या तुम्हाला म्हणाल्या. "बारिश आएगा. लडकी के पेट में बच्चा है. तुम को सब मालूम है ये घर का. और किस को पूछूँ?"

तुम्ही उठून चपला घातल्यात. माझ्याकडे बघून म्हणालात, "सिंधू, तुझी आज सुट्टी आहे ना?"

मी आले ती तुम्हाला एकटीला सोडवत नव्हतं म्हणून. घरावर माझं काही प्रेम नव्हतं. पण दार उघडून आत पाऊल टाकलं आणि पायाखालच्या मातीचा जो थंडावा लागला, तो मी लगेच ओळखला. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या. छताला आफ्रिकेतून गलबतांवर आलेले खारफुटीचे वासे, त्यांना इथं चंदल म्हणतात. त्यावर बांबूच्या पट्ट्या, मग चटया, मग माती. दरवाजा आपल्याकडच्या सागाचा. तुम्ही वासे दाखवत होतात आणि न्यू मेक्सिकोतलं छतही थेट असंच असतं म्हणून सांगत होतात. मी बघत होते पश्चिमेच्या खोलीची भिंत. ती मधे फुगली होती, आणि तिच्याखालीच नूराची गादी घातलेली होती.

त्या दिवशी घरी परतल्यावर आपलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं, त्या बायकांना आपल्याकडे घेऊन या, ते घर सोडून द्या. तुम्ही म्हणालात, आपल्या बिल्डिंगची आठवड्याला झडती होते, इथं आणलं तर पकडून देणं झालं. तुमचं बरोबर होतं. मी म्हटलं, मग त्यांना त्या भिंतीखाली झोपवून मारायचं का? तुम्ही म्हणालात, भिंत जाड आहे, उभी राहील. माझंही चुकत नव्हतं. पण का, ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

माती मिळवणं सोपं गेलं. गल्लीच्या टोकाला एक पडकं घर होतं, त्याचीच ढेकळं आणून अंगणात भिजत घातली. अडलं ते भुशावर. वाळलेलं गवत किंवा भुसा घातल्याशिवाय लिंपण तडकतं, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी जलीब वस्तीतले, मूळ दाभोळकडचे इब्राहिमभाई आठवले. त्यांचं काचेच्या भांड्यांचं छोटं दुकान होतं.

"पेंढा?" ते म्हणाले. "काय वो ताई, लढाईत गुरं पाळायला घेतलीत की काय?"

तुम्ही त्यांना खरं ते सांगितलंत. ते जरा वेळ दाढी खाजवत बसले. मग आत जाऊन कपबशांची खोकी उलटी करायला लागले. प्रत्येक खोक्यात भांडी फुटू नयेत म्हणून पेंढा भरलेला होता. पोती भरून त्यांनी आपल्या पिकअपमध्ये टाकली आणि स्वतःच गाडी चालवायला बसले.

जिब्ल्याच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. विशीतला शिपाई होता. त्यानं पोत्यात संगीन खुपसली, मूठभर पेंढा बाहेर काढला, हुंगला. तुम्ही म्हणालात, "कोंबड्यांसाठी." त्यानं तुमच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत वाळलेला चिखल होता, आपण सकाळपासून माती कालवत होतो.

"सतह?" त्यानं हळूच विचारलं. सतह म्हणजे छत.

इब्राहिमभाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. तुम्ही त्या पोराकडे सरळ बघत मान डोलावलीत.

तो अरबीत काहीतरी बोलला आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारून जा म्हणाला. पुढं गेल्यावर मी इब्राहिमभाईंना विचारलं, काय म्हणाला? ते म्हणाले, "म्हणाला, माझी आईपण याच दिवसांत करते." तरी पुढचे काही दिवस आपण भीतीत काढले. त्याला कळलं होतं की जुन्या भागात कुणीतरी छत दुरुस्त करतंय, म्हणजे कुणीतरी राहतंय. पण कुणी आलं नाही. त्यानं वर सांगितलं नसावं.

छतावर काम करताना तुम्ही तुमची अमेरिकेची रीत लावायला निघालात. मी म्हटलं, उतार पन्हळीकडे नीट येत नाहीये. तुम्ही म्हणालात, येतोय. आपण तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. अर्धं पन्हळीकडे गेलं, अर्धं तुमच्या चपलेकडे. दोघी हसलो. खाली अंगणातून नूरानं विचारलं काय झालं, तर तुम्ही म्हणालात, "भारत आणि अमेरिकेची बोलणी चालू आहेत."

तिथंच, गुडघ्यांवर बसून चिखल थापटताना, मी तुम्हाला कमलचं सांगितलं. माझी मोठी बहीण. झडीचा पाऊस होता, आठवडाभर उघडला नव्हता. आमच्या घराची मागची भिंत भिजून फुगली होती. आईबाप शेतावर. मी दारात खेळत होते, कमल आत चुलीशी बसली होती. आवाजही फार मोठा झाला नाही. भिंत खचली ती कमलवरच.

तुम्ही "अरेरे" म्हणाला नाहीत, माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीत. जरा वेळानं उठलात, शिडी उतरून खाली गेलात आणि स्वतः नूराची गादी ओढत पलीकडच्या खोलीत नेऊन घातलीत. मग वर मान करून विचारलंत, "सिंधू, तुमच्याकडे अशा भिंतीला काय करतात?"

"टेकू देतात. पण लाकूड पाहिजे."

"न्यू मेक्सिकोतल्या चर्चांना मातीचाच टेकू असतो. भिंतीबाहेर, खाली रुंद, वर निमुळता. घालू या?"

आपण तो घातला. पडक्या घरातल्या अख्ख्या विटा निवडून आणल्या, उम्म फहद स्वतः एकेक उचलून देत होत्या. त्या कामात तुम्ही मला एकदाही समजावलं नाहीत की माती चांगली असते, मीही तुम्हाला टोकलं नाही. आपल्या ओळखीतले तेवढेच दिवस बिनभांडणाचे.

ऑक्टोबरात भारतीयांच्या शेवटच्या तुकड्या निघाल्या. बसनं बसरा, बगदाद, मग जॉर्डनची हद्द, अम्मानहून विमान. मी दोघींची नावं घातली होती. सकाळी बसपाशी आलात तेव्हा तुमच्या हातात बॅग नव्हती, माझ्यासाठी दशम्यांचा डबा होता.

"ताई, चला. अजून जागा आहे."

"नूराला सहावा लागलाय."

"तुम्ही सुईण आहात का?"

"नाही. पण ते छत मी घातलंय. त्यावर पाऊस पडून गेल्याशिवाय मला जाता यायचं नाही."

"छतासाठी कुणी मरतं का?"

"मरायला नाही थांबत मी. बघायला थांबतेय." मग जरा नरमाईनं म्हणालात, "तुला लेक आहे. तू गेलंच पाहिजेस. चढ आता."

मी चढले. बस सुटली तेव्हा तुम्ही हात हलवला नाहीत. धुळीचा त्रास होतो म्हणून पदर नाकाला लावून उभ्या होतात.

तो हिवाळा मी सासरी काढला. रेडिओ लावला की कुवेतवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या. अश्विनी विचारायची, "मावशी ठीक असेल ना?" आणि मी म्हणायची, असेल. मार्चमध्ये एका दुपारी शेजारच्या डॉक्टरांकडे माझ्यासाठी फोन आला. धावत गेले. खरखरीतून तुमचा आवाज आला. कुठल्याशा लष्करी फोनवरून रांग लावून तुम्ही बोलत होतात. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"सिंधू, गळलं नाही," तुम्ही म्हणालात.

आणि लाइन तुटली. डॉक्टरांच्या बायकोला वाटलं, वाईट बातमी आली. मी तिथंच पायरीवर बसून रडत होते.

उन्हाळ्यात हॉस्पिटलनं जुन्या माणसांना परत बोलावलं, मी आले. भर दुपारी आकाश चुलीच्या आतल्या भागासारखं काळं होतं. तेलाच्या विहिरी जळत होत्या, दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तेलाचे ठिपके पडत. तुम्ही दार उघडलंत आणि मला धक्का बसला. अर्ध्या उरला होतात. खिडक्यांच्या फटींत ओले कपडे कोंबलेले, टेबलावर रिकामे पंप. आणि तरी चहा टाकायच्या आधी तुम्ही सगळी हकिकत सांगायला बसलात. पाऊस कसा झाला, पन्हळीतून पाणी कसं अंगणात धो धो पडलं. बॉम्बचे दणके बसायला लागले तेव्हा वाशांमधून माती झरझर गळायची आणि उम्म फहद सुनेच्या अंगावर घोंगडी धरून उभ्या राहायच्या. भिंतीला तडा गेला, पण टेकूनं धरलं. आणि तिथंच नूरा बाळंत झाली, उम्म फहदनीच केलं सगळं.

"मुलगी झाली. हिस्सा नाव ठेवलं," तुम्ही म्हणालात. "माझं ठेवणार होते. मी म्हटलं नको, अरबी तोंडात निर्मलाचा चोथा होतो."

मी म्हटलं, "ताई, आता पुण्याला जा. ही हवा तुमच्यासाठी विष आहे."

"जाते. यंदाचं लिंपण झालं की जाते."

हे मी तुमच्याकडून महिनोन्महिने ऐकलं. मी ओरडले, तुमच्या भावांना फोन केला, डॉक्टरांकडून सांगवलं. तुम्ही प्रत्येक वेळी हो म्हणालात. मला आज तुमचा राग येतोय, ताई, तो लपवत नाही. तिकीट काढणं काही अवघड नव्हतं. पुण्यात तुम्ही आणखी दहा वर्षं भांडू शकला असतात.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही आमच्याच हॉस्पिटलात होतात. मी ड्यूटीवरून येता-जाता बसायची. मंगळवारी पिठलं करून आणलं. दोन घास खाल्लेत, मास्क बाजूला करून म्हणालात, "मीठ कमी आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये असताना नर्स बोलवायला आली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. म्हणजे पिठलं हाच आपला शेवटचा विषय.

एक गोष्ट राहून गेली. कमल कशी गेली ते मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी छतावर आणखी एक झालं होतं, ते सांगितलं नाही. चिखल कालवताना मुठीत पेंढा आला आणि मला एकदम ती दिसली. भिंतीखालची नाही. परकर खोचून आईबरोबर घर लिंपणारी, माझ्या गालाला मुद्दाम चिखल लावून पळणारी. इतकी वर्षं मला ती फक्त त्या एका दिवसाची आठवत होती. बाकीची सगळी त्या भिंतीखाली गेली होती, ती त्या दुपारी परत आली. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही वादात वापरलं असतं, अशी मला भीती वाटली म्हणून बोलले नाही. आता वाटतं, नसतं वापरलं तुम्ही.

आज सकाळी उम्म फहदना सांगायला गेले. रुमैथियातला बंगला लुटलेला, अजून दुरुस्ती चालू आहे, म्हणून सगळे जिब्ल्याच्या घरीच होते. फहद परत आलाय. वाळलेला, शांत माणूस आहे. बाळ त्याच्या मांडीवर होतं. उम्म फहदना तुमची बातमी आधीच कळली होती. त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

मग फहदनं घराचं विचारलं. जागेला चांगली किंमत येतेय, घर पाडून तिथं बिल्डिंग होईल. आई नको म्हणते. तुमच्या बाईंना विचारणार होतो, त्या नाहीत.

उम्म फहद म्हणाल्या, "अब तुम बोलो. तुम उस की बहन."

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्या प्रश्नावर मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, तो माझ्याच पुढ्यात येऊन पडला होता, आणि समोर तुम्ही नव्हता.

मी म्हटलं, "हे घर हात मागतं. दरवर्षी. छतावर चढणारे हात असतील तर ठेवा. नसतील तर आजच पाडा. नुसतं बघायला म्हणून ठेवू नका. असंच पडून राहिलं तर एक दिवस कुणाच्या तरी अंगावर येईल. मी ते पाहिलंय."

उम्म फहदनी ते मुलाला अरबीत सांगितलं. नूरा उठली, तिनं बाळ सासूकडे दिलं, अबाया काढून खुंटीला लावला आणि अंगणातल्या नळाखाली घमेलं ठेवलं. फहद तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानंही बाह्या वर केल्या आणि मला विचारलं, "किती जाड लावायचं?"

"दोन बोटं," मी म्हटलं. "आणि पश्चिमेच्या भिंतीशी अजूनही कुणी झोपायचं नाही."

तुम्हाला हे दुसरं वाक्य पटलं नसतं. टेकूवर तुमचा फार विश्वास होता. पण मी ते म्हणणारच, जोवर तिथं येत राहीन तोवर.

संध्याकाळपर्यंत निम्मं छत झालं. फहदला उतार जमत नाही, तुमच्यासारखंच. मधे पाठ सरळ करायला उभी राहिले तर समुद्रापर्यंत दिसत होतं. विहिरी विझल्यात, ताई. वर सगळं निळं होतं.

सिंधू